बाईंची गोळ्यांची वही

मी पदवीधर झालो तो आमच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंमुळे. आईवडील दोघंही धरमतरच्या बाजूला मिठागरावर कामाला जात. चौथीनंतर मुलगा त्यांच्याबरोबर येणार हे घरात ठरल्यासारखंच होतं. बाई एके दिवशी येऊन आमच्या ओट्यावर बसल्या आणि मला पेणच्या हायस्कुलात घालायचं कबूल होईपर्यंत उठल्या नाहीत. फॉर्म त्यांनी भरला, एसटीच्या पासासाठी फोटो काढायला त्यांनी नेलं. पुढे बी.एस्सी.ला कुठला विषय घ्यायचा हेही मी त्यांनाच विचारलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मला बाईंचा राग आला होता. आलाच होता.

पेणमधल्या एका रुग्णालयात मी संशोधनाचं काम पाहतो. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला जखम होते, त्याला कळत नाही, ती चिघळत हाडाकडे जाते. मग शस्त्रक्रिया करून सडलेला भाग काढतात आणि जंतू मरावेत म्हणून कॅप्सूल देतात. त्या तीन आठवडे द्यायच्या की सहा, एवढाच आमच्या अभ्यासाचा प्रश्न. प्रश्न साधा वाटतो, पण नेहमीच्या औषधांना आता पुष्कळ जंतू दाद देत नाहीत. कमी दिवस दिल्या तर जखम उलटण्याची भीती, जास्त दिवस दिल्या तर उरलेले जंतू निर्ढावण्याची भीती. डॉक्टर उपचार करतात. माझं काम त्याहून लहान. रुग्णाला एक वही द्यायची. तिच्यात रोजचे दोन रकाने, सकाळ आणि संध्याकाळ. कॅप्सूल घेतली की खूण, नाही घेतली तर कोरं. ठरल्या दिवशी रुग्ण आला की वही पाहायची, पाकिटं पाहायची.

इतक्या सोप्या गोष्टीत माणसं काय काय करू शकतात हे मला नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. एक गृहस्थ कंपनीत रात्रपाळी असली की दोन्ही कॅप्सूल एकदम घेत. एका काकूंनी खुणा करायचं काम सुनेला दिलं होतं आणि सून महिनाभर माहेरी होती. आणि सगळ्यांचं एक ठरलेलं वाक्य, "जखम सुकली ना, मग कशाला?" वरून सुकते हो, आतून नाही सुकत, हे मी किती वेळा बोललो असेन याचा हिशेब नाही.

अशात बाई आमच्या रुग्ण झाल्या. निवृत्त झाल्यावर त्या रोह्याला एकट्याच राहत होत्या. चपलेचा अंगठा लागून दुसऱ्या बोटाखाली जखम झाली आणि त्यांनी ती तीन आठवडे कोणाला सांगितली नाही. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून बोट वाचवलं. तपासणीत निघालेला जंतू दोन औषधांना जुमानत नव्हता, तिसऱ्याला जुमानत होता. अभ्यासात यायचं का हे डॉक्टरांनीच विचारलं, मी ओळखीचा म्हणून लांब उभा होतो. बाईंनी संमतीपत्राची पानं उलटलीसुद्धा नाहीत. "हा आहे ना इथे, मग मी काय वाचायचं?" म्हणाल्या आणि सही केली. त्यांच्या वाट्याला सहा आठवडे आले.

पाचव्या आठवड्यातल्या शनिवारी मी घरी गेलो, तर आई पडवीत पाय पसरून बसलेली. टाचेला चीर पडली होती आणि चिरेवर पिवळी पूड दाबून बसवलेली. ती पूड मी ओळखतो.

"हे काय लावलंस?"

"औषध हाय. कॅप्सूल फोडायची न् भुकटी लावायची. आपल्याकडं सगळीच लावतात, मिठानं फुटलेला पाय लगेच सुकतो."

"कुणी दिलं?"

"बाईंनी. त्यांना बघायला गेलेली ना मंगळवारी, पापड घेऊन. त्यांनीच पाय बघितला. म्हणल्या, माझा बरा झालाय, तू ने."

तिने डब्यातून चार कॅप्सूलचा तुकडा काढून दाखवला. त्याच्या पाठीवर आमच्या अभ्यासाचा क्रमांक चिकटवलेला होता, माझ्याच हाताने.

मी बरंच बोललो. आई ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुला काय झाला रं? ज्या बाईनं तुला शिकवलान, तिलाच तू आता शिकवणार?"

रविवारी सकाळी रोह्याची एसटी धरली. रस्त्याचं काम चालूच होतं, गाडी वळसे घेत होती आणि मी मनात बोलायचं घोकत होतो. बाईंनी दार उघडलं तेव्हा खूश झाल्या. चहा ठेवायला निघाल्या तर मी म्हटलं, चहा नको, वही दाखवा.

वही सुंदर होती. एकही रकाना चुकलेला नाही, सगळ्या खुणा एका मापाच्या. रविवार संध्याकाळच्या रकान्यातही खूण होती, सोमवारच्याही दोन्ही होत्या.

"बाई, सोमवार अजून यायचाय."

"माहीत आहे मला. सोमवारी तुझी तपासणी ना? आदल्या दिवशी वही पुरी असावी. बत्तीस वर्षं तेच केलंय. साहेब दारात आल्यावर हजेरी भरायची का?"

"आणि कॅप्सूल?"

"घेतल्या की. नऊ दिवस घेतल्या. मग जखम सुकली."

बाकीच्या कुठे गेल्या ते त्यांनी लपवलं नाही. शेजारच्या कंपनीतल्या माणसाला ताप होता, त्याला सहा. दूधवाल्याच्या गळवाला काही, आळीत आणखी कोणाकोणाला. आईला चार. औषध वाया जाऊ द्यायचं नाही, हीच त्यांची समजूत. रिकामी पाकिटं मात्र परत मागून, सरळ करून, रबर लावून ठेवली होती. मला द्यायला.

"बाई, हा तुमचा पेपर नाहीये. कोरा रकाना असला तर कोणी नापास होत नाही."

"तू होशील ना. तुझ्या नावावर काम आहे. माझ्यामुळे तुझं कमी दिसायला नको."

मी पाय दाखवा म्हटलं. त्या नको नको म्हणत होत्या. पट्टी सोडली तर टाके होते तिथली कातडी खरंच मिटलेली होती, पण बोट मुळाशी सुजून चकाकत होतं. मी त्यावर माझं बोट टेकवलं तरी त्यांना कळलं नाही.

"हे मला आत्ता डॉक्टरांना कळवावं लागेल."

"काही कळवायचं नाही. तुझी नोकरी जाईल." त्यांचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला. "आणि कळवणार असशील तर माझं नाव काढून टाक तुमच्या अभ्यासातून. मी येत नाही उद्या."

मी स्टँडवरूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "पहिल्या भेटीला, पंधराव्या दिवशी कळलं असतं तर कॅप्सूल परत चालू केली असती," ते म्हणाले. "आता पू पुन्हा तपासायला हवा. तीच कॅप्सूल लागू पडेल असं नाही. उद्या आणा त्यांना, कसंही करून. हाडात शिरलं असेल तर बोट जाईल, आणि थांबलो तर पाऊल." मग मी बाईंना पाच वेळा फोन केला. पाचही वेळा त्यांनी तो कापला. मोबाइलवरचा निरोप त्या वाचत नाहीत, फुलांची चित्रं तेवढी पाठवतात. म्हणून वाटेत रुग्णालयात उतरून तिथलं लिहायचं ते लिहिलं, मग घरी येऊन मी पत्र लिहिलं आणि सोमवारी पहिल्या गाडीने आईला ते घेऊन पाठवलं. ते असं होतं.

बाई,

मी डॉक्टरांना सांगितलं आहे. तुम्ही नको म्हणालात तरी सांगितलं. माझी नोकरी गेलेली नाही. झालेली चूक लिहायचा आमच्याकडे एक फॉर्म असतो. असे दोन फॉर्म मी भरले आहेत, एक तुमच्या वहीबद्दल आणि एक माझ्याबद्दल.

माझा असा. पहिल्या भेटीला तुम्ही आलात तेव्हा चौदा दिवसांच्या खुणा एका शाईच्या, एका बैठकीत केलेल्या होत्या. दुसऱ्या कोणाची वही असती तर मी तिथेच विचारलं असतं. तुम्हाला विचारायची लाज वाटली. मी "बरोबर आहे" असं लिहून सही केली. तेव्हा तुमच्या कॅप्सूल बंद होऊन पाचच दिवस झाले होते. मी तोंड उघडलं असतं तर आज सूज नसती. तुमचा मान राखायला गेलो आणि तुमचं बोट पणाला लावलं. हे मी फॉर्ममध्येही लिहिलं आहे, जरा कमी शब्दांत.

अभ्यासातून नाव काढायचं असेल तर काढा, तो तुमचा हक्क आहे. संमतीपत्राच्या दुसऱ्या पानावर तसं छापलं आहे, तुम्ही वाचलं नाहीत. नाव काढलंत तरी उपचार थांबत नाहीत. पण राहिलात तर वहीतलं काही खोडू नका. मागच्या कोऱ्या पानावर लिहा की कॅप्सूल कधी बंद केल्या आणि कोणाकोणाला दिल्या. त्या माणसांकडेही मला जायचं आहे. आईला मी ओरडलो, तुम्हाला ओरडता येत नाही म्हणून.

बोट राहील का हे डॉक्टरांनाही आज सांगता येत नाही. तुम्ही आज आलात तर पाऊल राहील, एवढं ते खात्रीने म्हणतात.

आईबरोबर नऊच्या गाडीने निघा. डॉक्टर तुमच्यासाठी थांबणार आहेत. चप्पल घालू नका, पट्टीवरून जाड मोजा घाला आणि स्टँडपर्यंत रिक्षा करा. आईला चहा करत बसू नका, तिने घेतला आहे.