भावी नगरसेवकांची झोप

आमच्या लालबागच्या चाळीत दरवर्षी सत्यनारायण असतो. पूजा आटोपली की मालवणीतून देवाला गाऱ्हाणं घालायचा मान माझ्या बाबांचा. बाबांनी एकेक मागणं खणखणीत आवाजात मांडायचं आणि बाकीच्यांनी हात जोडून ‘होय महाराजा!’ म्हणायचं.

निवडणुकीच्या आधीच्या पूजेला आमचे नगरसेवक आले. खरं तर माजी, पण बोर्डांवर ‘भावी’. देवभक्तीत त्यांचा हात धरणारं वॉर्डात कोणी नव्हतं. मनगटात इतके गंडेदोरे की घड्याळ बिचारं कोपराकडे सरकलेलं. गंध लावताना व्हिडिओ नीट आला नाही, म्हणून त्यांनी ते पुसून पुन्हा लावून घेतलं.

“काका, आपल्यासाठी एक खास गाऱ्हाणं होऊन जाऊ दे,” ते बाबांना म्हणाले.

आमच्या सार्वजनिक संडासांच्या दारांना तेव्हा कड्याच नव्हत्या. आत गेलेल्याने एका हाताने दार ओढून धरायचं आणि सतत खोकत राहायचं. तक्रार केली की भावी म्हणायचे, “आता टॉवर होणार आपला, जुन्यावर कशाला खर्च?”

बाबांनी डोळे मिटले. “बा देवा महाराजा! ह्यो तुझो भक्त तुझ्या दारात उभो रवलो हा, तेका निवडून हाड रे महाराजा!”

“होय महाराजा!” सगळ्यात मोठा आवाज भावींचाच.

“पण तेच्या आधी तेच्या हातून आमच्या संडासांका नवी दारां बसव रे महाराजा!”

“होय महाराजा!” आता बायकांनी छप्पर हलवलं.

“आणि ती बसत नाय तोपर्यंत तेका धड झोप लागाक देऊ नको रे महाराजा!”

“होय महाराजा!”

सवयीने भावीही ओरडले. मग त्यांना कळलं आपण काय म्हटलं ते. हात जोडलेलेच राहिले, चेहरा मात्र उतरला.

काही दिवसांनी सकाळीच ते आमच्या दारात. एकटे, डोळे लाल.

“काका, ते शेवटचं मागे घ्या ना. डोळ्याला डोळा लागत नाही. बायको म्हणते, डॉक्टरकडे जा. डॉक्टर काय करणार? देवासमोर मीच होय म्हटलंय!”

“मागे घेवक ता काय भाषण हा?” बाबा म्हणाले.

आई चहा ठेवायला उठली आणि त्यांचे लाल डोळे बघून थबकली. “तुला नको देऊ ना रे? उरलीसुरली झोपही जायची.”

मला राहवेना. “पण सभेत तुम्ही एवढी आश्वासनं देता, तेव्हा कशी लागते झोप?”

“ती लोकांना देतो, ताई,” ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. “हे देवाला गेलंय.”

त्याच आठवड्यात सुतार आले. नवी दारं, भक्कम कड्या, आत कपडे टांगायला खुंट्यासुद्धा. कार्यकर्त्यांनी उत्साहात प्रत्येक दाराला आतून साहेबांचा हात जोडलेला फोटो चिकटवला. बायकांनी तो दुपारपर्यंत खरवडून काढला. भावी मात्र त्या संध्याकाळी पक्षाच्या सभेत स्टेजवरच घोरत होते, आणि पुढे निवडूनही आले.

हे नायगावपर्यंत पोचलं. तिथल्या एका चाळीतली माणसं बाबांना बोलवायला आली. त्यांना नळाला पाणी हवं होतं.

“मी येतंय की,” बाबा म्हणाले. “पण तुमचो नगरसेवक देवाक खरोखर घाबरता ना? ता आधी बघून येवा.”

“तो? तो तर गणपतीची वर्गणीही खातो,” त्यांच्यातला एक म्हणाला. मग ती माणसं चहा पिऊन गेली.