सहदेव मिस्त्रींचा सकाळचा नियम

कल्याणहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावची वस्ती विरळ होते तिथे सहदेव शिर्क्यांची पत्र्याची शेड होती. शेडवर पाटी नव्हती. ज्याला लोक ओळखत नाहीत त्याला पाटी लागते, असं सहदेव मिस्त्री म्हणत. पाटीवर काय लिहायचं यावर त्यांचं स्वतःशीच एकमत होत नाही म्हणून पाटी नाही, असं त्यांची बायको मालन म्हणे. दोघांचंही खरं असावं.

माणूस मूळचा संगमेश्वरकडचा. लढाईच्या दिवसांत कल्याणच्या लष्करी छावणीत मोटारी धुवायला लागला आणि छावणी उठली तेव्हा अख्खं इंजिन उतरवून पुन्हा चढवण्याइतकं शिकून बाहेर पडला. तिथल्या एका सार्जंटचा नियम मिस्त्रींनी गुरुमंत्रासारखा घेतला होता. सकाळी गाडी चालू करण्याआधी, इंजिन थंड असताना, सगळी तेलं बघायची. खुणेच्या खाली असेल तर घालायचं, वर असेल तर काढायचं, आणि काढताना घाई करायची नाही, रोज थोडं थोडं काढायचं. त्यांच्या हाताखालून गेलेले पंधरा-वीस ड्रायव्हर हा नियम झोपेतही म्हणून दाखवत. या बाबतीत मिस्त्री नाकावर माशी बसू देत नसत. कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली की आधी एकच प्रश्न विचारत, "सकाळी तेल बघितलं होतंस?" तो गप्प राहिला की यांचा चेहरा खुलायचा. दुसऱ्याची चूक सापडण्यात त्यांना जरा जास्तच गोडी होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

दौलत हा त्यांच्या छावणीतल्या दिवसांचा सोबती, मुरबाडकडचा. तो तिथे लष्करी ट्रक चालवायचा. एकदा ट्रकचं मागचं फळकट सुटून त्याच्या डाव्या गुडघ्यावर आलं आणि पाय कायमचा ताठ झाला. क्लच दाबता येईना, म्हणजे ड्रायव्हरकी संपली. दहा वर्षं त्याने कुठे वखारीवर राखण कर, कुठे लाकडं मोज, असं करत काढली. रस्त्याने मोटार गेली की मान वळवून बघत राहायचा.

छप्पन साली ठाण्याच्या डॉक्टर श्रीपाद टिपणिसांनी मायदेशी परत निघालेल्या एका साहेबाची अमेरिकन गाडी घेतली. गाडी आठ वर्षांची, पण अंगाने धडधाकट. तिला क्लचच नव्हता. दांडी एकदा पुढे घेतली की गिअर आपले आपण बदलत. गाडी तपासायला मिस्त्रींना बोलावलं होतं. त्यांनी पेडल मोजली, दोनच भरली, आणि तिथल्या तिथे डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, ह्या गाडीला डाव्या पायाचं कामच नाय. माझ्याकडे माणूस आहे."

दौलत नोकरीला लागला. अशी दुसरी गाडी सबंध ठाणे जिल्ह्यात मिस्त्रींच्या ऐकिवात नव्हती. म्हणजे ही नोकरी गेली तर दौलतला दुसरी मिळणार नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि दौलतलाही.

तीन महिने बरे गेले. मग गाडी कुरकुरायला लागली. दांडी पुढे घेतली की गाडी तशीच उभी, आणि तीन-चार आकडे मोजून झाल्यावर धक्का देऊन निघायची. मुंब्र्याच्या चढावर तर इंजिन नुसतंच बोंबलायचं, आणि वरचा गिअर पडायचा तो चढ संपता संपता. एकदा कळव्याला बाळंतिणीकडे जाताना गाडीने भर चौकात असं अडवून धरलं, की डॉक्टर उतरून टांग्याने गेले. मुंबईच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, गिअरची पेटी उघडावी लागेल, आणि उघडली तर सामान इथे मिळायचं नाही. भंगाराला घेणारा गिऱ्हाईकही त्यानेच सुचवला.

डॉक्टरांनी मिस्त्रींना निरोप धाडला. "रविवारपर्यंत बघा. नाही जमलं तर मी साधी क्लचची गाडी घेतो," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, पण दौलतला ऐकू जाईल इतपत, "जमलं तरी ड्रायव्हर मात्र बदलणार आहे. लंगड्या माणसाला ठेवलं, तिथेच चुकलं. त्याच्याच हातून बिघडली."

मिस्त्रींनी शुक्रवारी सकाळी डॉक्टरांच्या गॅरेजातच काम सुरू केलं, ते अर्थातच नियमाने. या गाडीच्या गिअरचं तेल बघायची सळई पुढच्या चटईखाली होती. इंजिन थंड, गाडी बंद. सळई काढली. तेल खुणेला अगदी चिकटून, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. तेलाचा संशय संपला. मग त्यांनी दांडीचे सांधे सैल करून बघितले, आवळून बघितले. ॲक्सिलरेटरपासून गिअरपर्यंत जाणारी सळी साफ केली, लांबी कमी केली, पुन्हा वाढवली. शुक्रवार गेला, शनिवार गेला. गाडी ढिम्म.

रविवारी दुपारी दौलतने गाडी मुंब्र्यापर्यंत नेऊन परत आणली आणि डॉक्टरांच्या फाटकात उभी केली. बॅटरी उतरली होती, म्हणून त्याने इंजिन चालूच ठेवलं. पेटीत काही जळतंय का, एवढा वास घ्यावा म्हणून मिस्त्रींनी चटई उचलून सळई ओढली. टोकाला जेमतेम ओल होती. त्यांना वाटलं, नीट पुसली नसेल. पुसून पुन्हा घातली. पुन्हा तेच.

त्यांनी इंजिन बंद करायला लावलं आणि पंधरा मिनिटं पायरीवर बसून राहिले. मग सळई घातली तर तेल खुणेवर.

मोटारीत आयुष्य घालवलेल्या माणसाला एवढं पुरे झालं. इंजिन चालू असलं की तेल पेटीभर खेळत असतं, बंद केलं की सगळं खाली गोळा होतं. या गाडीचं तेल गरम असताना आणि इंजिन चालू ठेवूनच बघायचं होतं. थंड गाडीत ते खुणेच्या वर दिसणारच, आणि तेच बरोबर. आता थंड गाडीत खुणेवर आहे, म्हणजे पेटी उपाशी आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"दौलत," त्यांनी विचारलं, "तू तेल काढलंस?"

"काढलं ना," दौलत सरळ म्हणाला. "मी लागलो तेव्हा खुणेच्या चांगलंच वर होतं. तुम्ही शिकवलेलं तसंच केलं. रोज पळीभर, दवाखान्यातल्या नळीने. खुणेवर आलं तेव्हा थांबलो. फेकायला जीव नाय झाला, ठेवलंय."

त्याने गॅरेजातून औषधाच्या चार बाटल्या आणल्या. बुचं घट्ट, तेल फडक्यातून गाळलेलं. मिस्त्रींनी एक एक बाटली परत ओतली. बॅटरी अजून उतरलेलीच होती, म्हणून दोन माळ्यांना गाडी उतारावर ढकलायला लावली. गाडी सुरू झाली. दांडी पुढे घेतली आणि गाडी निघाली. मोजायला आकडाच उरला नाही.

डॉक्टर बाहेर आले, स्वतः शेजारी बसून तीन फेऱ्या मारून आले आणि खूश झाले. "मिस्त्री, मुंबईवाल्यांनी हात टेकले होते. काय होतं नक्की?"

इथे मिस्त्री गप्प राहिले असते तर त्यांचं नाव ठाण्यात घरोघर झालं असतं. काहीतरी आवळलं म्हणून सांगितलं असतं तरी डॉक्टरांनी मान्य केलं असतं. पण दौलत फाटकापाशी उभा होता, आणि त्याला कामावरून काढायचं डॉक्टरांनी आधीच ठरवून टाकलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी. मिस्त्रींना लाज वाटली. इतक्या वर्षांत ती त्यांना फारशी कधी वाटली नव्हती, त्यामुळे कशी लपवायची तेही माहीत नव्हतं.

"पेटीत तेल कमी होतं, साहेब. ते दौलतने काढलं. माझ्या सांगण्यावरून काढलं. मी त्याला चुकीचं शिकवलेलं. ह्या जातीची गाडी मला कळत नव्हती, तरी कळते असं दाखवलं. परवापासून मीसुद्धा तीच चूक करत होतो. त्याने तर तेल गाळून, बुचं लावून ठेवलेलं. काढायचं तर मला काढा."

माळी तिथेच होते. डॉक्टरांच्या वहिनी सुमतीबाई वरांड्यात उभ्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला. ते म्हणाले, "ठीक आहे. यापुढे गाडीचं मी मुंबईलाच बघेन." मग दौलतकडे वळले. "मिस्त्रींना स्टेशनवर सोड आणि लगेच परत ये. पाचला कळव्याची व्हिजिट आहे."

दौलत गाडीत बसला. आपला ताठ पाय त्याने हाताने उचलून आत घेतला. गाडी टेंभी नाक्यापाशी आली. आपण एक मोठं गिऱ्हाईक गमावलं याचं मिस्त्रींना वाईट वाटत होतं, पण दौलतची नोकरी वाचली याचं समाधान त्याहून मोठं होतं. खरं म्हणजे, दौलत आता आभार मानणार म्हणून ते थोडे सावरूनच बसले होते.

"मिस्त्री," दौलत म्हणाला, "आधीच्या साहेबाने एवढी नीट ठेवलेली गाडी, आणि तेल खुणेच्या इतकं वर. असं कसं, हे माझ्या मनात यायचं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, तर मी त्याला विचारलं असतं. तुमचा नियम, म्हणून नाय विचारलं. तुम्हाला विचारायची कुणाची हिंमतच नसते."

स्टेशन आलं तेव्हा सहदेव मिस्त्री उतरता उतरता म्हणाले, "आता विचारत जा."