दाराची चावी ड्रायव्हरकडे नसते!

आमच्या मूल गावच्या ऑफिसात किस्से सांगायला बसलं की चहा हमखास गार होतो. गार ठेवणं हाच आमचा धंदा असल्यामुळे कुणी तक्रार करत नाही! तळ्यावरची मासळी उचलायची, कोल्डरूममध्ये ठेवायची आणि थंड गाडीतून जंगलाजवळच्या मोहर्लीच्या रिसॉर्टच्या किचनपर्यंत पोचवायची, हे सगळं आमच्या शोभाबाईंच्या एकाच कंपनीकडे. कंपनी म्हणजे बाई, ड्रायव्हर गजूभाऊ, फोन उचलणारा मी आणि एक गाडी.

* * *

आधी तसं नव्हतं. बर्फवाला वेगळा, कोल्डरूमवाला वेगळा, गाडीवाला तिसराच. शोभाबाई तेव्हा मासेमारांच्या गटाच्या अध्यक्ष होत्या. रिसॉर्टनं दोनदा माल परत पाठवला, तेव्हा बाईंनी तिघांना समोर बसवलं.

"चूक कोणाची?"

तिघांनी तीन दिशांना बोटं केली. बाई उठल्याच. "मंग आतापासून सगळं माह्याकडं. बोट दाखवाचं तर माह्याकडंच दाखवा!"

* * *

रिसॉर्टचे फूड मॅनेजर तरीही अडून होते. "तिसऱ्यांदा मासळी गरम आली, तर काम शहरातल्या मोठ्या कंपनीला देणार." हे काम गेलं असतं, तर तळ्यावरच्या घरांना मासळी पुन्हा बाजारात पडेल त्या भावात विकावी लागली असती.

त्या मोठ्या कंपनीचा माणूस आमचं ऑफिस बघायला आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. म्हणाला, "तुमचं कस्टमर केअर कुठे आहे?"

बाईंनी माझ्याकडे हात केला. मी भजी खात होतो.

"आमच्याकडे तक्रारीसाठी आधी एक दाबायचं, मग चार..." तो अभिमानानं सांगू लागला.

"इथी काई दाबा लागत नाई," बाई म्हणाल्या. "हा थेट फोन उचलते, अन् थेट शिव्या खाते!"

* * *

आमच्याही चुका झाल्या, लपवायचं कशाला! पोंभुर्ण्याच्या तळ्यावरून मासळी आणताना गजूभाऊंनी साळ्याच्या लग्नातलं आइस्क्रीम गाडीत ठेवलं. रोहूच्या शेजारी! शिवाय मांडवात पोचेपर्यंत चार वेळा दार उघडून बघितलं, वितळलं तर नाही ना म्हणून.

बाई भडकल्या. गजूभाऊ म्हणाले, "पण बाई, आइस्क्रीमची तक्रार नाई आली. व्याह्यांनी दोनदा मागून घेतलं!"

त्या दिवसापासून गाडीच्या मागच्या दाराला कुलूप; एक चावी बाईंच्या कमरेला आणि दुसरी रिसॉर्टच्या किचनमध्ये. ड्रायव्हरकडे चावीच नाही.

* * *

मग जंगलाच्या नाक्यावर नव्या गार्डनं गाडी अडवली.

"दार उघड."

"चावी नाई."

"कुठी हाये?"

"एक मूलले, एक मोहर्लीले. मधात मी हावो!"

गार्ड हटेना. शेवटी बाई स्कूटीवरून चावी घेऊन पोचल्या, सोबत नवऱ्याचा स्वेटर. "तपासा भाऊ, तुमची ड्युटी हाये. पण आत जाऊन, दार लावून. हे घाला."

गार्डनं स्वेटर घातला नाही. आत गेला. दोन मिनिटांत आतून दारावर थापा पडल्या. बाहेर आल्यावर त्यानं आधी स्वेटर मागितला आणि मग नोंद करायला रजिस्टर. आता आमची गाडी दिसली की तोच लांबून विचारतो, "बाई आल्या काय?"

* * *

आणि तो दिवस. रिसॉर्टवर मोठा कार्यक्रम होता, म्हणून बाई आणि मीही गाडीत होतो. मोहर्लीच्या अलीकडे वाघीण रस्त्यात बसली. पुढे-मागे सफारीच्या जिप्सींची रांग, सगळ्यांचे मोबाइल वर. दोन तास गेले. गजूभाऊंनी गाडी गार ठेवणारं मशीन एक क्षण बंद केलं नाही.

पोचलो तर मॅनेजर दारातच उभे. "दोन तास उशीर! माल गरमच असणार. उघडूही नका. मी त्या कंपनीला फोन लावतो."

बाईंनी कमरेची चावी काढली, दार उघडलं, बर्फातून एक मोठा कतला मासा उचलला आणि मॅनेजरच्या उजव्या हातात दिला.

"साहेब, काऊन नाई पाह्यजे ते सांगा. पण सांगून होतवर हा धरून राहा."

मॅनेजरनी सुरुवात केली. पहिलं कारण नीट सांगितलं. दुसऱ्याला मासा डाव्या हातात गेला, मग पुन्हा उजव्यात. आचारी भांडी सोडून बघायला आले. तिसऱ्या कारणाच्या मध्यावर मासा खाली पडला.

"उचला साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "गरम असन तर वापस नेतो."

मॅनेजरनी उजवा हात काखेत धरला होता.

त्या दिवशीची माल मिळाल्याची पावती आम्ही ऑफिसात फ्रेम करून लावली आहे. सही डाव्या हाताची आहे.