केसभर सैल

घडीचे महागडे चाकू दुरुस्त करणाऱ्या त्या तिशीतल्या माणसाला गल्लीत सगळे ‘केसभर’ म्हणत. मधला स्क्रू केसभर जास्त आवळला तर पातं अडखळतं, केसभर सैल सोडला तर डुगडुगतं, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. त्याच्या आईला या नावाचं काही नव्हतं, तिला घोर होता त्याच्या बोटांचा. तो चाकू खोलून, पातं ज्यांवर फिरतं ते आतले बारीक छर्रे स्पिरिटनं धुवायला बसला, की ती स्वयंपाकघरातून मान लांब करून बोटं जागेवर आहेत ना, ते पाहून घेई.

गिऱ्हाइकं मुलखावेगळी. स्कूटरच्या किमतीचा चाकू मखमलीत ठेवायचा, कानाशी धरून उघडायचा आणि ‘टक्’ ऐकून डोळे मिटायचे. त्या चाकूनं काही कापणं म्हणजे महापाप. इकडे आईच्या सुरीला टोमॅटोसुद्धा दाद देत नसे. धार लावून दे म्हटलं, तर लेक म्हणे, धार लावणारे वेगळे, माझं काम हालचालीचं.

या मंडळींचा म्होरक्या कोपऱ्यावरचा सराफ. तो रुसला की बाकीचेही पाठ फिरवणार, आणि केसभर पुन्हा बेकार होणार. आधीच्या दोन नोकऱ्या साहेबांच्या केसभर चुका दाखवण्यातच गेल्या होत्या.

सराफाचा हट्ट असा, की पातं अडकवून धरणारं लॉक दाबताच ते आपल्या वजनानं मिटलं पाहिजे. आईनं लेकाला सांगून पाहिलं, “थोडं घट्ट राहू दे रे. कुणाचं तरी बोट जाईल.” घट्ट ठेवलं तर गिऱ्हाईक जाईल, असं त्याचं म्हणणं पडलं. मग तिनं गुपचूप कापूस आणि पट्टी त्याच्या टेबलाच्या खणात आणून ठेवली.

सराफ आला. त्यानं चाकू उघडला, ‘टक्’ ऐकलं, मान डोलावली आणि लॉक दाबलं. पातं अलगद खाली आलं. वाटेत त्याचाच अंगठा होता, तो बाजूला घ्यायचा राहिला होता.

“काय सुरेख पडलं,” सराफ भारावून म्हणाला. मग त्याला रक्त दिसलं आणि तो मटकन खुर्चीत बसला.

आईनं कापूस दाबून धरला. पट्टी कापायला तिनं टेबलावरचा दुसऱ्या गिऱ्हाइकाचा चाकू उचलला, तर लेकानं तिचं मनगट धरलं आणि सराफानं दुसऱ्या हातानं नको नको केलं. त्या चाकूनं आजवर काही कापलं नव्हतं. शेवटी स्वयंपाकघरातली सुरी आली. त्या सुरीनं पट्टी नुसती चघळली. आईनं ती दातांनी तोडली.

पट्टी बांधून होताच सराफाला दुसरंच दुःख उमगलं.

“म्हणजे माझा चाकू वापरलेला झाला?”

“झाला की,” आई म्हणाली. “मालकापासूनच सुरुवात केली.”

केसभरचा चेहरा उतरला. गेलं हे गिऱ्हाईक, आणि त्याच्यामागे सगळी रांग. सराफ मात्र आळीपाळीनं अंगठ्याकडे आणि पात्याकडे बघत होता. कारागिराला दोष द्यावा, तर पातं त्यानं सांगितलं तसंच पडलं होतं. स्वतःकडे घ्यावा, तर मंडळींत हसं. अखेर तो खाकरला.

“हवा बदललीय. जरा घट्ट करून द्या. बाकीच्यांनाही मी तसंच सांगतो.”

केसभरनं स्क्रू फिरवला, केसभर.

“अजून थोडा,” आई मागून म्हणाली.