एका पानाची परीक्षा

किहीमला आमच्या पर्यटकांच्या कॉटेजवर स्वयंपाक करणाऱ्या बाई हात धुतल्याशिवाय कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. आपण विचारायचं आणि नळ बंद होईपर्यंत थांबायचं. मग पदराला हात पुसत त्या बोलतात, तेही मोजकंच. बाजारात त्या दिसल्या की कोळीण मुकाट्याने वरचे मासे बाजूला सारून खालचे काढते.

त्या काम मागायला आल्या तो शनिवार होता. मी म्हटलं, "आधी परीक्षा. चौदा पाहुणे आहेत, दुपारचं जेवण करून दाखवा." आधीच्या दोन शनिवारी दोघीजणी असंच करून दाखवून गेल्या होत्या. दोघींनाही मी "छान झालंय, कळवतो" म्हटलं होतं, आणि कळवलं नव्हतं.

बाई "व्हय" म्हणाल्या. तासाभराने माझ्यापुढे पान आलं. बांगड्याचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. मागे शेगडी बंद.

"आणि पाहुण्यांचं?"

त्या नळाशी गेल्या. हात धुतले, पुसले.

"चव बघायची व्हती ना? ती एका पानात कळते. चौदा पानं म्हंजे काम हाय. त्याचं आधी ठरवा."

बाहेर पाहुणे ताटकळले होते. मी तिथेच पगार ठरवला.

त्याला तीन वर्षं झाली. अजूनही दर शनिवारी पाहुण्यांच्या आधी त्या माझ्यापुढे एक पान आणून ठेवतात. मी खाली मान घालून जेवतो. "छान झालंय" एवढं म्हणायचीही माझी हिंमत होत नाही.