उठायचं नाही असा हुकूम

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, गुऱ्हाळाच्या दिवसांत माझा घसा धरला. मीठपाण्याच्या गुळण्या केल्या, चार दिवसांत मोकळा झाला. पंधरवड्यानं अंगात ताप भरला आणि गुडघा सुजला. दोन दिवसांत गुडघा उतरला, कोपर सुजलं. मग घोटा. सासूबाईंनी तेवढ्यावरून निदान केलं.

"खरं दुखणं एका जागी बसतंय. हे रोज घर बदलतंय, म्हंजे लबाड हाय."

मी चौथी शिकलेली. मलाही ते पटलं. उसाची चिपाडं वाळत घालायला गेले आणि तिथंच धाप लागून बसले. मग माझ्या मालकांनी सर्व्हिस मोटारीनं सांगलीला नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"सांधे मोकळे होतील. सूज हृदयाला आहे. तीन महिने हिनं अंथरुणावरून उठायचं नाही. उठली तर जगेल असं मी सांगत नाही."

माझं अंथरूण माजघरात घातलं. स्वयंपाकघराची वाट तिथूनच. सासरे पलटणीतून पेन्शनीत आलेले, रीतीला फार जपणारे. आत येण्याआधी अंगणात खोकायचे, म्हणजे सुनेनं उठावं, पदर सावरावा आणि भिंतीकडं सरून उभं राहावं. पाणी, जेवण, तंबाखू, विस्तव धरून दिवसाला दहा वेळा खोकायचे. मी दहा वेळा भिंत धरून उभी राहायची. काळीज कानात वाजायचं. त्यांच्या सभ्यपणानं मी मरायला लागले होते आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

ह्या दुखण्याचं मूळ मला म्हातारपणी एका डॉक्टरीणबाईनं सांगितलं. अंगात राखणदार असतात. ते घशातल्या जंतूला मारतात. पण त्या जंतूची प्रथिनं आणि हृदयाच्या स्नायूतली प्रथिनं थोडी सारखी दिसतात. जंतू कधीच मेलेला असतो, आणि राखणदार हृदयालाच चोर समजून बडवत राहतात. बाईंना वाटलं, मला हे समजायला जड जाईल. मी म्हटलं, नाही, मी सासरी राहिलेय.

एक दिवस उठताना तोल गेला आणि मी सासऱ्यांच्या पायाशीच पडले. सुनेचं दुखणं सासऱ्याला सांगायची पद्धत नव्हती, म्हणून मला सांगलीला नेलं होतं, एवढं सोडून त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"डाक्टर काय म्हनला हुता?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"तीन म्हैनं उठायचं न्हाई म्हनला."

"मग ही उठती कशाला?"

"तुमी येता म्हनून."

ते भिंतीकडं वळले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आजपासनं मी खोकणार न्हाई. पोरी, मी आलो तरी पडून ऱ्हायाचं. हुकूम हाय."

"आवं, लोकं काय म्हनतील?"

"त्यास्नी सांग, सून मेल्यावर या. तवाबी ती उठायची न्हाई."

तीन महिने भरेपर्यंत ते भिंतीकडं तोंड करून माझ्या उशाजवळून जात राहिले. शेजारणी मला बघायला म्हणून येत, सासऱ्यादेखत लोळणारी सून बघून जात. सासूबाई त्यांना चहा देत आणि माझ्याकडं रागानं बघत. पण पेज वेळेवर मिळायची, तेही सांगायला हवं.

चौथ्या महिन्यात सांगलीच्या डॉक्टरांनी पुन्हा ऐकलं. म्हणाले, वाचलीस, पण हृदयाची एक झडप थोडी गळते, ती गळतच राहील. घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं.

"गळू दे," त्या म्हणाल्या. "चूल पेटव."