टॅग हातात द्यायचा

"कमरेकडं पाह्य वं, तोंडाकडं नको! तोंड फसवते," असं ओरडत सर मैदानावर उकिडवे बसायचे. पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे, पण दुसरीतल्या पोरांपुढे बसले की त्यांच्याच उंचीचे व्हायचे. नागपूरच्या आमच्या शाळेत टॅग रग्बी हा खेळ त्यांनीच आणला. मी मराठीची शिक्षिका. पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधायला मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं.

खेळ साधा. कमरेच्या पट्ट्याला दोन रिबिनी चिकटवलेल्या, तेच टॅग. चेंडू घेऊन पळणाऱ्याचा टॅग ओढला की तो अडला. ढकलायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही. पोरं पळणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायची आणि तो बाजूने निसटायचा. म्हणून सर स्वतः चेंडू घ्यायचे, डावीकडे डोळे फिरवून उजवीकडे पळायचे आणि कधी धपकन पडायचेही. "पाहून राहिले ना? कमर खोटं बोलत नाही," धूळ झटकत म्हणायचे.

त्यांचा एक नियम मात्र पक्का. ओढलेला टॅग ज्याचा त्याच्या हातात द्यायचा, मगच पुढे खेळायचं. आर्याने एकदा तो फेकला, तर त्यांनी खेळच थांबवला.

"काहून फेकला वं? तिनं तुले मारलं का? हातात दे तिच्या."

आर्याने दिला. समोरची प्रज्ञा हसली आणि दोघी पुन्हा पळाल्या.

आर्याच्या आईने हे कुंपणापलीकडून पाहिलं. प्रज्ञा आरटीईच्या मोफत जागेवर आलेली, शाळेमागच्या वस्तीतली. खेळ संपताच आर्याची आई आत आली.

"सर, टॅग खाली ठेवला तर नाही चालणार का? हायजीनसाठी म्हणते हो. ही मुलं कुठून कुठून येतात..."

"ताई, तुमची पोरगी मघापासून मातीत लोळून राहिली. ते हायजीन चालते का?"

मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जातीचं नाव तोंडातून काढत नाहीत, स्वच्छतेच्या गप्पा मारतात. ज्या खेळात अंगाला हातच लावायचा नाही, त्यातही यांना विटाळ सापडला! मला तेव्हा किळस आली, आजही येते.

बाईंनी आणखी पालक गोळा केले. मुख्याध्यापिकेने आम्हा दोघांना बोलावलं. "छोटीशी गोष्ट आहे, सर. कडेला एक बादली ठेवू. ओढलेला टॅग बादलीत टाकायचा, दुसरा तुम्ही द्यायचा. झालं."

"बादली ठेवा मग. मले नका ठेवू."

तिला वाटलं, सर थट्टा करतायत. मला तसं वाटलं नाही. कोराडीहून बसने येणाऱ्या या माणसाला नोकरीची किती गरज होती, ते मला ठाऊक होतं. नोकरी सोडून जाताना फाटकाशी ते एवढंच म्हणाले, "मॅडम, पोरांच्या नाड्या घट्ट बांधत जा. पडतात लेकाचे."

आता नवे सर आहेत. निळी बादलीही आहे. परवाच्या सामन्यात आर्याने प्रज्ञाचा टॅग ओढला आणि जुन्या सवयीने तिच्यापुढे धरला. प्रज्ञानेही हात पुढे केला. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"फाउल! बादलीत टाक!"

आर्या ओशाळली. धावत जाऊन तिने टॅग बादलीत टाकला. कुंपणाशी तिच्या आईने टाळ्या वाजवल्या. प्रज्ञाचा हात अजून पुढेच होता. तिच्याजवळून परत जाताना आर्याने आपला हात स्कर्टला खसखसून पुसला.